पीआर कार्ड चालू आहे, पण दिवस भरत नाहीत

प्रश्न : मला 10 जुलै 2021 रोजी कॅनडाची पीआर (कायम रहिवासाचा दर्जा) मिळाली. मिसिसागाला सलग राहिले. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, मी एकुलती एक, म्हणून 5 फेब्रुवारी 2023 ला सांगलीला आले. डिसेंबर 2025 मध्ये वडील गेले. सातबारावरची वारसनोंद उरकून 20 मे 2026 चं तिकीट काढलंय. कार्ड सप्टेंबर 2026 पर्यंत चालू आहे. मुलगी कॅनडाची नागरिक आहे आणि 2024 पासून मी टोरोंटोच्या कंपनीचं काम इथूनच करते. हे दिवस धरतील का? विमानतळावर अडवतील का?

उत्तर : कार्डावरची तारीख आणि पीआरची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड चालू असल्याने विमानात बसू देतील, कार्ड नसलेल्या पीआरला परतताना लागणाऱ्या ट्रॅव्हल डॉक्युमेंटची गरज नाही. अट मात्र पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात राहण्याची, आणि ती कार्ड पाहून कळत नाही.

तुमचे कॅनडातले दिवस 576 भरतात. आल्याचा आणि निघाल्याचा दिवस दोन्ही धरून. 20 मे ते 9 जुलै 2026 हे आणखी 51. एकूण 627, म्हणजे 103 कमी. 6 फेब्रुवारी 2026 पर्यंत पोचला असतात तर हा प्रश्नच आला नसता.

मुलीमुळे दिवस धरले जात नाहीत. नागरिक असलेल्या पती किंवा पत्नीसोबत परदेशात राहिलात तर सूट आहे, नागरिक आईवडिलांसोबत राहणाऱ्या पीआर मुलालाही आहे. उलट्या बाजूने नाही. कंपनीचे दिवसही बहुधा बाद होतील. कॅनडातल्या कंपनीने पूर्णवेळ नेमणूक म्हणून तुम्हाला परदेशी पाठवलेलं असावं लागतं. तुम्ही आधी आलात, काम मागून सुरू झालं.

उरतो मानवतेचा मुद्दा, आणि तुमच्याकडे तो खरा आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 28 प्रमाणे अधिकाऱ्याला तो विचारात घ्यावा लागतो, मुलीच्या हितासकट. तो विचारेल : का गेलात, दुसरं कोणी नव्हतं का, मोकळ्या झाल्यावर लगेच का आला नाहीत? कच्चा दुवा शेवटचा आहे. डिसेंबर ते मे या काळासाठी नुसती वारसनोंद पुरेशी वाटणार नाही. मुलीच्या शाळेचं वर्ष, घर आवरणं, जे खरं असेल ते कागदासकट मांडा. दवाखान्याची डिस्चार्ज कार्डं, फिजिओथेरपीच्या पावत्या, मृत्यूचा दाखला; मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. वर एक पानाचं तारीखवार टिपण. सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इन केलेली बॅग इमिग्रेशन झाल्यावर मिळते.

विचारलं तर तारखा खऱ्या सांगा. खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांची बंदी येते, आणि ते प्रकरण दिवसांच्या कमतरतेपेक्षा फार वाईट. पीआर स्वखुशीने सोडण्याचा फॉर्म पुढे केला तर सही करू नका. पीआर असल्याची खात्री पटली की आत सोडणं अधिकाऱ्याला भाग आहे.

पुढे दोन शक्यता. अट मोडल्याचा अहवाल न लिहिता सोडलं, तर तिथेच राहा. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो : 103 दिवस कमी म्हणून ऑगस्टअखेर काम होईल असं वाटतं. तसं होत नाही. 10 जुलै 2026 पासून पाच वर्षांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. तुमचा एक नवा दिवस जमा होतो आणि 2021 चा एक गळतो. आकडा 627 वरच अडकून राहतो, तो फेब्रुवारी 2028 पर्यंत. 730 भरतात 18 मे 2028 ला. म्हणजे जुने 576 दिवस शेवटी काहीच कामाला येत नाहीत, नवीन दोन वर्षंच काढावी लागतात. तोवर कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज नको, कुणाला स्पॉन्सर करणं नको आणि देशाबाहेर पाऊल नको. कार्ड सप्टेंबरमध्ये संपलं तरी पीआर संपत नाही, नोकरी करता येते. ओंटारिओचं हेल्थ कार्ड मात्र चालू आहे का ते पाहा.

अहवाल लिहून देश सोडण्याचा आदेश दिला, तर 30 दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करा. निकाल लागेपर्यंत पीआर टिकते, राहता येतं, काम करता येतं. अहवालानंतरचे दिवस मात्र 730 मध्ये धरत नाहीत, त्यामुळे अपिलात सगळी मदार पुन्हा त्याच कागदांवर. ते सांगलीतून निघण्याआधीच गोळा करा, नंतर दवाखान्याचे जुने रेकॉर्ड मागवणं अवघड जातं.