रत्नागिरीच्या सड्यावर स्फटिक का सापडत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की दोन महिने दर रविवारी हातोडी घेऊन रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, फिरताय आणि एकही स्फटिक हाती लागला नाही. तिथे तो लागणारही नाही, कारण तुम्ही जांभ्यात शोधताय.

जांभा हा मुळात काळाच दगड, पण पार कुजलेला. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी त्यातून झिरपत राहिलं आणि त्यातली सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो पदार्थ, विरघळवून घेऊन गेलं. मागे उरलं मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणून तर तो तांबडा. आणि गारगोटी, स्फटिक, अकीक ही सगळी सिलिकाचीच रूपं. जे पावसानं धुऊन नेलं तेच तुम्ही तिथे शोधताय.

स्फटिक आहेत ते खाली, काळ्या कातळात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि पोकळ्या राहिल्या. नंतर खडकातून फिरणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांच्या भिंतींवर सिलिका बसवली. बऱ्याचदा कडेला अकीकाचे पट्टे असतात आणि आत मध्याकडे टोकं करून उभे स्फटिक. कधी त्यांच्या जोडीला झिओलाइटं, म्हणजे पोकळ्यांत वाढणारी वेगळी खनिजं, असतात. त्यातलं स्टिल्बाइट मला सगळ्यात आवडतं: मधे बांधलेल्या पेंढीसारखं दिसतं, पांढरं किंवा फिकट गुलाबी.

मला हे कळलं ते विहिरीमुळे. संगमेश्वर तालुक्यात मामांच्या वाडीत विहिरीचं काम चाललं होतं. आधी जांभा, मग शेडी माती, आणि त्याखाली काळा कातळ लागला. यारीनं वर आलेल्या ढिगाऱ्यात नारळाएवढा एक दगड होता, एका बाजूला बारीक भोक आणि आत काहीतरी चमकत होतं. मी उतावीळपणे त्यावर घण घातला आणि आतल्या टोकांचा चुरा झाला. त्याची हळहळ अजून जात नाही. असा दगड मिळाला तर जागेवर फोडू नका. घरी न्या, पोकळीपासून लांब छिन्नी लावा आणि हलके हलके घाव घालत दगड कमी करत जा.

म्हणून सडा सोडा आणि विहिरींचा माग काढा. मालकाला विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. तो ढिगारा त्यांना नाहीतरी हलवायचाच असतो. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की पऱ्यांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, आणि नद्यांच्या पात्रातही बघा, वाहून आलेले अकीकाचे गोटे मिळतात. खडीच्या खाणीत मात्र परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, आणि सुरुंगाच्या दिवशी तर नाहीच. दगड फोडताना डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. दगड हातानं उलथू नका, काठीनं उलथा, कारण आपल्याकडे दगडाखाली फुरसं, हा विषारी साप, असतं.

एक कळकळीची विनंती. सड्यावर हातोडी चालवूच नका. बारसू, उक्षी, देवीहसोळ, कशेळी या भागांत जांभ्यावर कातळशिल्पं कोरलेली आहेत आणि २०२२ पासून त्यांतली काही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. माती-गवताखाली अजून किती झाकलेली असतील कोणास ठाऊक. एका घावानं जे जाईल ते परत येणार नाही. अभयारण्यातूनही काही उचलू नका.

सिंधुदुर्गाची गोष्ट वेगळी. तिथे बऱ्याच भागात या लाव्ह्याहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत. त्यांच्या भेगांत दुधी गारगोटीच्या शिरा दिसतात, पण टोकदार स्फटिक क्वचितच.

ओळख पटवायची असेल तर सापडलेल्या दगडानं बाटलीच्या काचेवर ओरखडा काढून बघा. खनिजांच्या १ ते १० च्या मापावर स्फटिकाचा कठीणपणा ७, तो काच सहज ओरखडतो आणि फुटला तर काचेसारखाच वक्र फुटतो. कॅल्साइट चाकूनं ओरखडलं जातं, तिरक्या सपाट बाजूंनी फुटतं आणि व्हिनेगर टाकलं की त्यावर बुडबुडे येतात. धुवायला साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. ॲसिडच्या भानगडीत पडू नका, झिओलाइट कायमचं खराब होतं.

आणि प्रत्येक दगडासोबत त्याच दिवशी चिठ्ठी ठेवा: गाव, वाडी, विहीर की पऱ्या, किती खोलीवरचा, तारीख. माझ्याकडे पहिल्या वर्षीचे चाळीसेक दगड आहेत, सुंदर आहेत, पण कुठले ते आता मलाही सांगता येत नाही.