ओळखू येता येता राहिलेला आकार

ठाणे, जुलै

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तुझ्या चित्रांचे तिन्ही फोटो निवांत पाहिले. रंगाची जाण तुला आहे, हात मोकळा आहे आणि अद्भुताची ओढ मनापासूनची आहे. अडचण एकच, पण ती तिन्ही चित्रांत आहे. मधोमध पंखवाला प्राणी स्वच्छ काढलेला आणि त्याच्याभोवती अमूर्त रंग भरलेले. बघणारा प्राणी ओळखतो, ओळखला की त्याचं काम संपतं आणि भोवतीच्या रंगांकडे तो बघतही नाही. अमूर्त चित्रात अद्भुत आणायचं तर आकार ओळखू येता येता राहिला पाहिजे. तो कुठे आणि कसा अडवायचा, हे तुला सविस्तर लिहितो.

रंग हातात घेण्याआधी वहीत तीन वाक्यं लिही. चित्रातल्या जगात उजेड कुठून येतो, जड काय आणि हलकं काय, आणि तिथे काय वाढतंय. उदाहरणार्थ: उजेड खालून येतो, पाणी वर साचतं, मुळं हवेत धरतात. एवढं पुरे. गोष्ट रचू नकोस, पात्रांना नावं देऊ नकोस. पण ही तीन वाक्यं शेवटपर्यंत मोडायची नाहीत. उजेड खालून येतो असं ठरलं की खालच्या भागात उबदार पारदर्शक पिवळा आणि वर जड निळा, हा निर्णय आपोआप होतो. आयुष्यभर वरून येणारा उजेड पाहिलेल्या डोळ्याला तेवढ्यानेच वेगळ्या जगात आल्यासारखं वाटतं, आणि तू एकही प्राणी काढलेला नसतो. अद्भुत जग खरं वाटतं ते त्याच्या नियमांमुळे. तुझ्या दुसऱ्या चित्रात उजेड तीन दिशांनी येतो, म्हणून ते जग न वाटता सजावट वाटते.

आकारांचा साठा करायला दुसऱ्यांची काल्पनिक चित्रं चाळत बसू नकोस. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी जा. तिवराची श्वसनमुळं चिखलातून सरळ वर आलेली दिसतील. मुळं काढू नकोस, दोन मुळांमधल्या मोकळ्या जागा काढ. पाऊस उघडला की अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन ये. इ.स. १०६०चं बांधकाम आहे. बाहेरची भिंत कोनाकोनांनी आत-बाहेर जाते, त्यामुळे सकाळी दहाला दिसणारे सावल्यांचे आकार दुपारी तीनला पार बदललेले असतात. जुन्या मंदिरांमधलं कीर्तिमुखही नीट बघ. डोळे आणि दात ठसठशीत असतात, पण कडेला जाता जाता त्या चेहऱ्याची वेलबुट्टी होते. चेहरा कुठे संपला आणि पान कुठे सुरू झालं, ते बोट ठेवून सांगता येत नाही. तुला नेमकं हेच शिकायचं आहे, आणि ते आपल्याकडच्या कारागिरांना हजार वर्षांपूर्वी येत होतं. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांमधली खाडाखोडही मिळाली तर बघ. खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यातून चमत्कारिक जीव तयार झाले आहेत. आधी डाग, मग जीव. तू उलट्या क्रमाने जातोस.

आता कॅनव्हास. सुरुवातीला २४ बाय ३० इंचांपेक्षा मोठा घेऊ नकोस. तयार कॅनव्हासवरचा अस्तर-थर बहुतेक वेळा पुरेसा नसतो, म्हणून जेसोचे, म्हणजे रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचे, आणखी दोन थर दे. एका थराला साधारण ५० मिली लागतो. पहिला आडवा, दुसरा उभा. दोन्हींच्या मध्ये उन्हाळ्यात तीन-चार तास, आत्ताच्या हवेत रात्रभर. वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घास आणि घासताना तोंडाला मास्क लाव. पृष्ठभाग गुळगुळीत हवा, कारण पुढची पायरी त्याच्यावर अवलंबून आहे. कापडाची वीण वर दिसत राहिली तर बारीक शिरा उमटतच नाहीत.

ही पायरी म्हणजे रंगाचा ठसा उचलणं, डेकॅल्कोमेनिया. १९३६च्या सुमारास चित्रकार ऑस्कर डोमिंगेझने ती अतिवास्तववाद्यांमध्ये (सर्रिअलिस्ट चित्रकारांमध्ये) रुजवली आणि माक्स अर्न्स्टने तिच्यातून अख्खी दगडी-शेवाळी जगं उभी केली. तू ती अ‍ॅक्रिलिकमध्ये करशील आणि तो रंग लवकर वाळतो, त्यामुळे वेळ कमी मिळतो. टेबलावर घालतात तसलं जाड पारदर्शक प्लास्टिक घे आणि त्याचे दहा-दहा इंचांचे तुकडे काप. अख्ख्या कॅनव्हासएवढं एकच प्लास्टिक घेतलंस तर मधे हवा अडकते आणि नुसते गोल चट्टे उरतात. रंग फेटलेल्या दह्याइतका दाट हवा. पाण्यासारखा पातळ असेल तर शिरा धरत नाहीत, ओघळ येतात. नळीतून काढलेला तसाच घट्ट लावलास तर जाड वळ्या उठतात आणि त्या वाळायला दोन दिवस घेतात. रंग सपाट ब्रशने कॅनव्हासवर पसरव, वर प्लास्टिक ठेव, तळहाताने मधून बाहेर दाब आणि एका कडेने सलग उचल.

शिरा का उठतात ते समजून घे, म्हणजे त्या हव्या तशा आणता येतील. प्लास्टिक सुटायला लागलं की कडेने हवा आत घुसते. हवा पातळ, रंग दाट, त्यामुळे ती सरळ रेषेत न जाता बोटं काढत आत शिरते आणि दोन बोटांच्या मध्ये उरलेला रंग कण्यासारखा उभा राहतो. झटकन उचललंस तर बारीक आणि दाट फांद्या, हळू उचललंस तर थोड्या आणि रुंद. फांद्यांचा कल उचलण्याच्या दिशेला धरून असतो. म्हणजे काय वाढतंय आणि कुठल्या बाजूला, हा तुझ्या वहीतला नियम तू इथे हाताने पाळू शकतोस. मुळं हवेत धरतात असं लिहिलं असशील तर वरून खाली उचलून बघ, मग खालून वर, आणि दोन्हींमधला फरक वहीत नोंदव. मे महिन्यात पंख्याखाली तुला जेमतेम मिनिटभर मिळेल, म्हणून पंखा बंद कर. जुलैत बराच अवधी मिळतो, त्यामुळे या तंत्रासाठी आपला पावसाळा चांगला.

या पहिल्या थरात दोनच रंग वापर, एक उबदार आणि एक थंड. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि थॅलो ब्लू (गडद निळा) ही जोडी चालते, फक्त थॅलो फार जोरकस असतो. सिएनाच्या वाटाणाभर गोळ्याला थॅलोचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पुष्कळ झाला.

मग दोन दिवस ब्रशला हात लावायचा नाही. कॅनव्हास भिंतीला टेकवून चारही बाजूंनी फिरवून बघ. काहीतरी दिसायला लागेलच, कारण माणसाचा मेंदू दोन ठिपके आणि एका आडव्या रेषेतही चेहरा शोधतो. इथे घाई करणारा फसतो. दिसला की लगेच डोळा काढायचा मोह होतो आणि डोळा काढला की चित्र संपलं. आकार ओळखू येण्याला प्रामुख्याने चार गोष्टी कारण होतात: डोळा, दोन्हीकडे सारखी सममिती, सगळीकडून बंद असलेली बाह्यरेषा आणि पायाखालची जमीन. यातली जास्तीत जास्त एक ठेव. तुझ्या प्राण्यांमध्ये चारही आहेत. पंख ठेवायचाच असेल तर एकच ठेव, त्याची बाह्यरेषा दोन ठिकाणी तोड आणि त्याला उभं राहायला जमीन देऊ नकोस.

तोडायची कशी? आकार रंगवून नाही, त्याच्या भोवतीची जागा रंगवून. टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा यलो ऑकर आणि किंचित निळा घालून अर्धपारदर्शक राखाडी कर आणि सापडलेल्या आकाराच्या बाहेरचा ठशाचा भाग झाकत ये. झाकताना दोन-तीन जागी मुद्दाम हद्द ओलांडून आकाराच्या आत शिर. सापडलेल्या आकाराचा साधारण एक तृतीयांश तरी या राखाडीखाली गेला पाहिजे. जीवावर येतं, कारण नेमक्या तिथल्याच शिरा सुंदर उठलेल्या असतात. तरी झाक. राखाडी ओली असतानाच तिची एक कड भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून विरघळव आणि दुसरी कड तशीच धारदार राहू दे. संपूर्ण चित्रात धारदार कडा तीनच ठिकाणी असाव्यात, आणि त्या एकमेकींपासून लांब. नजर त्या तिन्हींमध्ये फिरत राहते आणि मधलं जग बघणारा स्वतः जोडतो.

यानंतर ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर. अद्भुत चित्रातली ती आतून आलेली चमक इथून येते, पांढरा घालून येत नाही. नळीवरचा चौकोन बघ: रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक. ग्लेझला रिकाम्या चौकोनाचेच रंग घे, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, थॅलो ब्लू, निकेल अ‍ॅझो यलो असे. एक भाग रंगाला आठ ते दहा भाग ग्लेझिंग मिडियम (रंग पारदर्शक करायला मिसळतात ते द्रव), थॅलोला वीस. तुझ्या मापाच्या कॅनव्हासला एका थरासाठी ३० मिली मिश्रण पुरतं. मिडियमऐवजी नुसतं पाणी वाढवू नकोस. रंगाला धरून ठेवणारं बाइंडर विरळ होतं आणि वाळलेला थर पुढच्या ओल्या ब्रशने निघून येऊ शकतो.

ओलं असताना बाइंडर दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, त्यामुळे अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. ओल्या रंगावर विश्वास ठेवून आणखी रंग घालशील तर उद्या सकाळी चित्र काळवंडलेलं दिसेल. त्याच जेसोने तयार केलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर आधी लावून, हेअर ड्रायरने वाळवून मगच कॅनव्हासला लाव. चार ते सहा थर होतील. प्रत्येक थर अख्ख्या चित्रावर फिरवायची गरज नाही.

तुझ्या तिसऱ्या चित्रातला चिखल इथेच झाला आहे. ओल्या मॅजेंटावर हिरवा गेला, दोघे विरोधी रंग पॅलेटवर मिसळावेत तसे मिसळले आणि वरून पांढरा आला. पहिला थर पूर्ण वाळल्यावर तोच हिरवा पातळ ग्लेझ म्हणून गेला असता तर खोल, धुरकट जांभळा मिळाला असता, ज्यातून खालचा मॅजेंटा अजून दिसत राहिला असता. पावसाळ्यात पूर्ण वाळला म्हणजे किमान एक दिवस. वरचा पापुद्रा धरलेला असतो, आत पाणी असतं, कारण दमट हवेत ते बाहेर जायला वेळ घेतं. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श कर. गार लागलं तर अजून ओलं आहे.

सोनेरी आणि मोतिया रंग वापरायचे तर शेवटी, गडद भागावर आणि तळहाताएवढ्या जागेत. त्यांची चमक कोनाप्रमाणे बदलते, त्यामुळे मोठ्या भागावर ते बाकीच्या सगळ्या छटांचा तोल बिघडवतात. फ्लुरोसंट गुलाबी आणि हिरवा मात्र नकोच. ते रंगद्रव्य उजेडात उडतं. ज्या जादूसाठी तू ते लावतोस तीच काही वर्षांत फिकी पडलेली असेल.

संध्याकाळी काम करत असशील तर घरातल्या पिवळट बल्बखाली ग्लेझ ठरवू नकोस. ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा, आणि ९० किंवा त्यापुढच्या सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) एलईडी आण. कामाच्या शेवटी मोबाइलने फोटो काढून तो कृष्णधवल कर. सगळं एकाच राखाडीत मिसळलं असेल तर दोष रंगाचा नसून उजेड-अंधाराचा आहे. सर्वांत उजळ भाग कॅनव्हासच्या पाच टक्क्यांच्या आसपास ठेव आणि तो वहीतल्या पहिल्या नियमाने सांगितलेल्या जागीच असू दे.

आणि ब्रश धुतलेलं पाणी बाल्कनीच्या मोरीत ओतू नकोस. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिक आहे आणि आपले नाले खाडीलाच मिळतात. बादलीत ते पाणी दोन दिवस राहू दे, गाळ खाली बसला की वरचं पाणी वेगळं कर आणि गाळ कागदावर वाळवून कचऱ्यात टाक.

पुढच्या वेळी या तिन्हींपैकीच एका चित्रावर काम कर, नवीन घेऊ नकोस. डोळा आणि एक पंख राखाडीखाली घाल आणि प्रत्येक थरानंतर दिवसाउजेडी फोटो काढ, कॅनव्हासच्या चारही कडा दिसतील असा. वहीतली तीन वाक्यंही सोबत पाठव. त्यांच्याशिवाय मला तुझं चित्र तपासता येणार नाही.

तुझा,
काका

ता. क. चित्र घेऊन यायचं ठरवलंस तर बबल रॅप थेट रंगावर लावू नकोस. दमट हवेत अ‍ॅक्रिलिक मऊ पडतो आणि त्या फुग्यांचे गोल वळ कायमचे उमटतात. आधी बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद, मग पुठ्ठा, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. दोन कॅनव्हास एकमेकांकडे तोंड करून बांधू नकोस.