पार्किन्सन्सच्या रुग्णाला भास होणे हा वेगळा मानसिक आजार आहे का?

आपण विचारले आहे की, पार्किन्सन्सवर काही वर्षे उपचार घेत असलेल्या आपल्या आजोबांना संध्याकाळी खोलीत अनोळखी मुले दिसू लागली आहेत. कंप हा मेंदूचा आजार आणि भास हा मनाचा, मग त्यांना दोन आजार झाले आहेत का? मी औषधशास्त्र शिकवते. माझ्या मते अशा वेळी बहुधा आजार एकच असतो. न्यूरॉलॉजी आणि मानसोपचार यांच्या ओपीडी वेगळ्या असल्या, तरी मेंदूत तशी विभागणी नाही.

हे समजून घ्यायचे तर डोपामिन या रसायनाचा शोध पाहावा लागेल, आणि त्यात आपल्याकडच्या सर्पगंधेचा मोठा वाटा आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील या मुळीच्या उपयोगाबद्दल लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. रेसर्पिनमुळे मनोरुग्णांचा क्षोभ शमत असे, परंतु काहींचे अंग ताठरून हात थरथरू लागत, म्हणजे अगदी पार्किन्सन्ससारखे. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले आणि ते पुन्हा हिंडूफिरू लागले. रेसर्पिन डोपामिनचा साठा रिकामा करते आणि एल-डोपापासून मेंदू तो पुन्हा भरतो, हे त्या कामातून उलगडत गेले. पुढे १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकिएविच यांना पार्किन्सन्सने मरण पावलेल्यांच्या मेंदूत, हालचालींशी निगडित असलेल्या स्ट्रायटम या भागात, डोपामिन फारच कमी आढळले. आज या आजारावर दिले जाणारे मुख्य औषध तेच एल-डोपा आहे.

याची दुसरी बाजू मी घरात पाहिली आहे. स्किझोफ्रेनियावरील बहुतेक औषधे डोपामिनचा परिणाम रोखतात. त्यांनी माझ्या मावशीला ऐकू येणारे आवाज थांबले, पण ती पाय घासत चालू लागली आणि चेहऱ्यावरचे भाव हरपले. आम्ही ते वाढत्या वयावर ढकलले आणि डॉक्टरांना सांगायला जवळजवळ वर्ष लावले, याचे मला आजही वाईट वाटते.

मेंदूत डोपामिनचे मार्ग अनेक आहेत. एक मार्ग मध्यमेंदूतील काळसर पेशींपासून स्ट्रायटमकडे जाऊन हालचाल सुरळीत ठेवतो. त्याच्या शेजारून निघणारा दुसरा मार्ग भावना आणि प्रेरणा यांच्याशी जोडलेल्या भागांकडे जातो, आणि कशाकडे लक्ष द्यावे, कशाला महत्त्व द्यावे, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. पोटात गेलेली गोळी या दोहोंत भेद करीत नाही, म्हणून कंप कमी करणारे औषध भास वाढवू शकते. तरीही सगळा दोष गोळीला देऊ नये. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या हळूहळू मेंदूच्या इतर भागांतही साचतात, ॲसिटिलकोलिन हे दुसरे रसायनही घटते, आणि त्यामुळेही नसलेली माणसे किंवा प्राणी दिसू शकतात.

आपण एल-डोपा स्वतःहून बंद करू नका. ते अचानक थांबवल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना लवकर भेटा. भास अचानक सुरू झाले असतील, तर लघवीचा संसर्ग, अंगातील पाणी कमी होणे किंवा नव्याने सुरू केलेले एखादे औषध यांचीही तपासणी व्हायला हवी. भासांवर दुसऱ्या डॉक्टरांनी औषध दिले, तर पार्किन्सन्सची माहिती त्यांना आधी द्या, कारण डोपामिन रोखणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने आजोबांचे चालणेच थांबू शकते; गरज पडल्यास क्वेटियापिन किंवा रक्ततपासण्यांच्या देखरेखीखाली क्लोझापिन विचारात घेतले जाते. तोवर संध्याकाळी खोलीत भरपूर उजेड ठेवा, मुले दिसतात यावरून त्यांच्याशी वाद घालू नका, आणि ती किती वाजता दिसली व त्याआधीची गोळी केव्हा घेतली होती, हे वहीत लिहून ती वही भेटीच्या दिवशी सोबत न्या.