सगळे एवढं करतात, तरी रडू का येतं?

प्रश्न: ताई, मला सातवा महिना चालूय. सासूबाई रात्री उठून विचारपूस करतात, नवरा प्रत्येक चेकअपला सोबत येतो, आईचा रोज फोन असतो, खूप भरून येतं पण मधेच उगाच रडू फुटतं आणि मग वाटतं मी कृतघ्न आहे का?

उत्तर: अगं, अजिबात नाही! रडू येणं आणि मनापासून आभार वाटणं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. या दिवसांत हार्मोन्स खूप वाढलेले असतात, शरीरातलं रक्तसुद्धा जवळपास 45 टक्क्यांनी वाढतं, त्यात झोप धड नाही, मग मन हळवं होणारच ना. सासूबाईंना जे वाटतं ते मोठ्याने सांग, त्यांनाही बरं वाटेल, आणि सातव्या महिन्यात बाळाला तुझा आवाज ऐकू येतो बरं का, त्याच्याशीही बोल. फक्त उदासपणा सलग दोन आठवडे राहिला, कशातच मन रमेना झालं तर डॉक्टरांना नक्की सांग, गरोदरपणातही डिप्रेशन येतं आणि त्यावर उपचार आहेत. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठ.