34,500 चं पॅकेज आणि 900 रुपयांची तपासणी

प्रश्न: मी 31 वर्षांची, नवरा 34 चा. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मला पीसीओएस (संप्रेरकं बिघडून बीज वेळेवर तयार न होण्याचा त्रास) आहे, पाळी 45 ते 60 दिवसांनी येते. दहा महिने बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. एका सेंटरने माझ्या तपासण्यांचं पॅकेज सुचवलंय: रोख 31,000, किंवा 2,875 रुपयांचे 12 'नो कॉस्ट' हप्ते. सासूबाई म्हणतात, 2,60,000 ची एफडी मोडा. गृहकर्जासकट महिन्याला 65,000 खर्च होतात. सोबत सेंटरचं दरपत्रक पाठवत आहे.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका आणि हप्तेही घेऊ नका. पण तपासणी पुढेही ढकलू नका. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर वाट पाहायला सांगतात खरं, पण ते पाळी नियमित असणाऱ्यांसाठी. तुम्ही आत्ताच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला हवं. प्रश्न फक्त कशासाठी पैसे मोजायचे एवढाच आहे.

आधी हप्त्यांचं बघू. 12 हप्त्यांचे होतात 34,500, म्हणजे रोखीपेक्षा 3,500 जास्त. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे धरलं तर हा व्याजदर वर्षाला साधारण 20 टक्के पडतो. प्रोसेसिंग फी लावली तर ती वर, आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी. एवढं महाग कर्ज आणि नाव 'नो कॉस्ट'!

आता दरपत्रक. मी डॉक्टर नाही, पण पैसे कुठे जातायत ते विचारणं माझं काम आहे. यात एएमएच (बीजकोषात बीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी आहे. निदानाच्या वेळी तुमच्या दोन्ही झाल्या असतील तर रिपोर्ट घरातच आहेत. पीसीओएसमध्ये एएमएच बहुधा जास्तच येतं, आणि दिवस कधी राहतील हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. मग पुन्हा करून पुढचा उपचार कुठे बदलणार? 21 व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज बाहेर पडलं का ते दाखवणारी रक्ततपासणी, 28 दिवसांच्या पाळीचा हिशोब धरून ठेवलेलं आहे. तुमची पाळी 50 दिवसांची असेल तर त्या दिवशी बीज बाहेर पडलेलंच नसेल, आणि रिपोर्ट वाईट दिसून उगाच घाबराल. घरी करायच्या ओव्ह्युलेशन किटवरही फार विसंबू नका. या किट ज्यावर चालतात ते एलएच हे संप्रेरक पीसीओएसमध्ये मुळातच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे त्या फसवतात.

आणि या एवढ्या यादीत नवऱ्याची तपासणीच नाही! वीर्य तपासणी त्याच दरपत्रकात वेगळी, 900 रुपयांना आहे. ती सगळ्यात आधी करा. आपल्याकडे बाईच्या नावावर दोन फायली झाल्या तरी पुरुषाची एक चिठ्ठी निघत नाही.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) आणि साखरेची तपासणी मिळून तुमच्या दरपत्रकानुसार 1,800. बीजवाहक नळ्यांची तपासणी 5,500, पण ती कधी करायची ते डॉक्टरांना ठरवू दे. वीर्य तपासणी धरून सगळं केलं तरी 8,200. हे दोन महिन्यांच्या पगारातून सहज निघतात. शिवाय पीसीओएसमध्ये बीज तयार होण्यासाठी सहसा सर्वांत आधी दिलं जाणारं औषध, लेट्रोझोल, महागडं नाही. हात आणखी आखडता घ्यायचा असेल तर ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात स्त्रीरोग ओपीडी आहे. रांग लागते, पण सल्ला तिथेही मिळतो.

एफडी का नको? ती तुमच्या जेमतेम चार महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. नोकरी गेली तर गृहकर्जाचा हप्ता त्यातूनच जाणार. बाळासाठी वेगळी आरडी सुरू करा, महिन्याला 8,000 ची. वर्षाच्या शेवटी 96,000 आणि वर व्याज. उपचार आययूआयपर्यंत (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्यापर्यंत) गेले तर त्यातून करा, नाही गेले तर बाळंतपणाला येतील. मधेच मोठी रक्कम लागली तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तिच्या तारणावर उचल, मिळतो. आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) वेळ आलीच तर 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली सेंटरची नोंदणी आहे का ते पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

विमा? वंध्यत्वावरचे उपचार बहुतेक आरोग्य पॉलिसींतून वगळलेले असतात, त्या आशेवर राहू नका. नवऱ्याच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून एवढंच लेखी घ्या: बाळंतपणाला प्रतीक्षा कालावधी आहे का, मर्यादा किती, आणि नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं का. स्वतंत्र पॉलिसी घ्यायची ठरली तर अर्जात पीसीओएस लिहा. लपवलेलं क्लेमच्या वेळी बाहेर येतं.