जामीन मिळूनही सुनील केदारांना 2024 ची विधानसभा का लढवता आली नाही?

कारण जामिनाने शिक्षा थांबते, दोष तसाच राहतो. सावनेरचे पाच वेळचे आमदार आणि माजी मंत्री केदार नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष असताना बँकेचा पैसा खासगी दलालांमार्फत सरकारी रोख्यांत गुंतवला गेला. पैसे गेले, रोखे काही हाती आलेच नाहीत. 2002 मध्ये हे उघड झालं आणि निकाल लागला थेट 22 डिसेंबर 2023 ला: पाच वर्षं कैद.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8(3) नुसार दोन वर्षं वा अधिक शिक्षा झाली की दोषी ठरल्याच्या दिवसापासूनच अपात्रता लागते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं राहते. पूर्वी विद्यमान आमदाराला अपिलासाठी तीन महिन्यांची सवलत होती. ती सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये रद्द केली. त्यामुळे आमदारकी लगेच गेली.

अपात्रतेतून सुटायचं तर दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवण्याच्या निर्णयालाच, स्थगिती लागते, आणि ती क्वचितच मिळते. जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण पुढे ही स्थगिती नाकारली. मग सावनेरला पत्नी अनुजा केदार उभ्या राहिल्या आणि भाजपच्या आशिष देशमुखांकडून हरल्या.