आफ्टर इफेक्ट्स पहिल्यांदाच शिकतोय, १५ सेकंदांच्या असाइनमेंटसाठी सोपा विषय कोणता घेऊ?

तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअर याआधी कधी उघडलेलं नाही, हातात थोडेच दिवस आहेत आणि डोक्यात मात्र पाऊस, धावणारं पात्र, मागे सरकणारं शहर असं बरंच काही आहे. माझं ऐकाल तर लंबकाचं घड्याळ करा. भिंत, घड्याळ, बस्स.

घड्याळच का, तर त्यात दोन अगदी वेगळ्या चाली आहेत. लंबक टोकाला जाताना मंदावतो, क्षणभर थांबतो, परत फिरतो आणि मध्यावर सगळ्यात वेगात असतो. सेकंदकाटा मात्र झटक्यात पुढे जातो आणि गप्प उभा राहतो. या दोन चाली पटतील अशा जमल्या की मोशन ग्राफिक्समधला, म्हणजे हलत्या चित्रांच्या कामातला, निम्मा अभ्यास झाला असं मी म्हणेन. बटणं काय, कुणीही दाखवतं.

कॉम्पोझिशन, म्हणजे सगळं काम जिथे रचायचं तो पट, १९२० बाय १०८० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम्स, १५ सेकंद. चित्र बाहेरून आणू नका, शेप लेयरमध्येच, म्हणजे इथेच काढलेल्या आकारांच्या थरात काढा. प्रत्येक भाग काढण्याआधी एफ२ दाबून आधीची निवड सोडा, नाहीतर नवा आकार जुन्याच लेयरमध्ये जाऊन बसतो. लेयरला लगेच नावं द्या. ‘शेप लेयर ७’ म्हणजे काय होतं ते दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

आता लंबक. दांडी काढून रोटेशन दिलंत की ती भलत्याच बिंदूभोवती गरगरेल, कारण नव्या शेप लेयरचा अँकर पॉइंट, म्हणजे लेयर ज्याभोवती फिरतो तो बिंदू, सहसा कॉम्पोझिशनच्या मध्यभागी असतो. वाय दाबा आणि तो बिंदू ओढून दांडीच्या वरच्या टोकाला न्या. खालची चकती दांडीला पेरेंट करा, म्हणजे दांडीला जोडा; मग तिला वेगळ्या कीफ्रेम (कोणत्या क्षणी कोणती किंमत, याच्या खुणा) लागत नाहीत. मग रोटेशनला ० सेकंदावर उणे १५ अंश, १ वर अधिक १५, २ वर पुन्हा उणे १५. तिन्ही कीफ्रेम निवडून एफ९, म्हणजे ईझी ईझ; त्याने कीफ्रेमपाशी चाल मंदावते. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा प्रिव्ह्यू बघा आणि ग्राफ एडिटर उघडून व्हॅल्यू ग्राफही (वेळेनुसार कोन कसा बदलतो त्याची रेष) बघा: टोकदार डोंगर होते तिथे लाट झालेली दिसेल. ही रेष वाचता येणं हेच खरं शिकणं. बहुतेक ट्युटोरियल इथून एका वाक्यात पुढे जातात, ते मला मुळीच पटत नाही.

एका बाजूहून दुसऱ्या बाजूला १ सेकंद, हे मी सहज म्हटलेलं नाही. तेवढा वेळ घेणारा खरा लंबक साधारण १ मीटर लांब असतो. पाव मीटरचा असेल तर अर्ध्या सेकंदातच पलीकडे पोचतो. तुमचं घड्याळ टेबलावरचं छोटंसं असेल तर वेग त्या हिशेबाने वाढवा. बघणाऱ्याला गणित कळत नाही, पण काहीतरी खटकतंय हे नक्की कळतं.

सेकंदकाट्याला तेच ईझी ईझ लावून सोडून दिलंत तर तो शेवाळ्यातून चालल्यासारखा दिसेल. त्याला फ्रेम ० वर ० अंश, फ्रेम २ वर साडेसात, फ्रेम ४ वर ६ आणि फ्रेम २५ वर पुन्हा ६ द्या. तो दीड अंश पुढे जाऊन मागे येतो, त्यातच टिकटिक आहे. आता ऑल्ट दाबून रोटेशनच्या स्टॉपवॉचवर क्लिक करा, एक्स्प्रेशनच्या, म्हणजे छोट्या कोडच्या, मेनूतून कीफ्रेम पुन्हा पुन्हा चालवणारं लूपआऊट घ्या आणि त्यातल्या ‘सायकल’च्या जागी ‘ऑफसेट’ लिहा. मग दर सेकंदाला ६ अंश आपोआप वाढत जातील. लंबकाला मात्र ‘सायकल’च ठेवा. मिनिटकाट्याच्या नादी लागू नका, १५ सेकंदांत तो सरकतो जेमतेम दीड अंश.

मशीन अडखळत असेल तर प्रिव्ह्यू हाफ किंवा क्वार्टर रेझोल्यूशनवर चालवा. आफ्टर इफेक्ट्स परवडत नसेल आणि कॉलेजची अट नसेल, तर ब्लेंडर किंवा दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतलं फ्यूजन घ्या. बटणं बदलतील, ग्राफची रेष तीच राहील.

वेळ उरला तर टिकटिकीचा आवाज टाका. त्या लेयरवर एल दोनदा दाबला की वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, दिसतो, त्याचा उंचवटा काट्याच्या झटक्याशी जुळवा. शेवटी कंट्रोल-एम करून एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेंडर करा, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढा. प्रोजेक्ट फाइलही द्यायची असेल तर फाइल मेनूतल्या डिपेंडन्सीजमधून ‘कलेक्ट फाइल्स’ करा आणि तो अख्खा फोल्डर द्या. नुसती प्रोजेक्ट फाइल पाठवली तर तपासणाऱ्याच्या मशीनवर आवाजाची फाइल सापडणार नाही.